उभ्या गाडीचा ताप

इंग्रजी शब्दकोशात नाशिकजवळच्या देवळालीच्या नावावरून आलेला एक शब्द आहे, 'डूलॅली'. अर्थ, डोकं फिरलेला. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत येऊन पडायचे. जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. जो अवेळी येऊन पोचला त्याला महिनोन्‌महिने काम नाही, धाम नाही, नुसतं ऊन मोजत बसायचं. त्या रिकामपणात शिपायांची डोकी फिरायची आणि त्या दुखण्याला त्यांनीच नाव दिलं, 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला साधा 'ताप'.

देवळाली कॅम्पात हा ताप आजही येतो, फक्त तो मोटारसायकलींना येतो. लष्करी वस्तीचं गाव. तोफखान्याची शाळा इथे आहे, त्यामुळे बदल्या आणि रजा हे इथल्या घरांचं वेळापत्रकच. रजा संपली की बुलेट ताडपत्रीखाली जाते. जुन्या बंगल्यांच्या पडवीत वडिलांची आरएक्स १००, येझदी किंवा सीडी १०० भिंतीला टेकून उभी असते. सहा-आठ महिन्यांनी कोणीतरी हौसेनं ताडपत्री ओढतो, दहा-बारा किका मारतो. गाडी चालू होते, पण चोक काढला की बंद पडते. रेस दिली की गुदमरते. नाहीतर उलटच, रेस सोडली तरी इंजिन ओरडत राहतं. मग सगळा दोष कार्बोरेटरवर येतो, पेचकस हातात घेतला जातो आणि दिसेल तो स्क्रू फिरवला जातो. साधा बिघाड अवघड होतो तो इथे.

कार्बोरेटरचं युग तसं सरलंच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवर त्याची जागा जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शननं घेतली. त्याआधी गोष्ट वेगळी होती. बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शन बसवून आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा बाजारात उतरवली. आता नव्या दमाचे मेकॅनिक स्कॅनर लावून बिघाड वाचतात. जुन्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिचं दुखणं कानानं, नाकानं आणि रेसची मूठ किती फिरवली आहे त्यावरून ओळखायचं असतं. ते ओळखता आलं, तर निम्मं काम घरच्या घरी होतं.

आधी बाहेरचं पाहावं

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी तो निर्दोष आहे असं धरून चालावं आणि चार गोष्टी तपासाव्यात: पेट्रोल, हवा, ठिणगी आणि केबल.

सुरुवात टाकीपासून. बरेच महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो. मागे उरतं ते गडद रंगाचं आणि जुन्या वार्निशसारखा वास मारणारं. ते काढून ताजं पेट्रोल भरल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी व्यर्थ आहे. ताजं भरल्यावर कार्बोरेटरकडची नळी काढून तिचं टोक काचेच्या बाटलीत सोडावं आणि कॉक उघडावा. धार अखंड पडली पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल तर कॉकची जाळी गंजानं किंवा कचऱ्यानं बुजली आहे. धार आधी चांगली आणि मिनिटभरानं बारीक होत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पाहावं. झाकण उघडताच धार पुन्हा मोठी झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बंद आहे. दोन-तीन किलोमीटरवर बंद पडणारी आणि दहा मिनिटं थांबलं की निमूट चालू होणारी गाडी बहुतेक वेळा याच छिद्राची शिकार असते. खर्च एका टाचणीचा.

दुसरी गोष्ट हवा. एअर फिल्टर काढून झटकावा, फोमचा असेल तर धुवावा, चुरा होत असेल तर सरळ बदलावा. उभ्या गाडीत आणखी एक पाहुणी येते, कुंभारमाशी. ओव्हरफ्लोच्या नळीचं तोंड तिला घरट्यासाठी नेमकं मापाचं वाटतं. नळीत वाळलेली माती सापडली तर नवल वाटू देऊ नये.

ठिणगीचा दोष तर कार्बोरेटरच्या दोषासारखाच भासतो. जुनी बुलेट, राजदूत, येझदी या ठिणगीसाठी सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटवर चालणाऱ्या गाड्या. पॉइंट काळे पडले किंवा त्यांतलं अंतर बिघडलं की गाडी अशी अडखळते, जणू पेट्रोलच पोचत नाही. म्हणून आधी प्लग काढून पाहावा. कोरडी काजळी धरली असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. टोक पांढुरकं असेल तर हवा जास्त. पेट्रोलनं भिजलेला असेल तर एकतर ठिणगी नाही किंवा पेट्रोल ओव्हर होतंय. फिकट विटकरी रंग असेल तर तिथे सगळं ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधावा. चौथी गोष्ट केबल, तिच्याबद्दल पुढे.

मूठ किती फिरवल्यावर?

आता मुख्य प्रश्न. गाडी 'कधी' बिघडते, हे मेकॅनिकला सांगताना लोक 'चढावर', 'पन्नासच्या पुढे', 'कॅम्पातून भगूरला जाताना' अशी उत्तरं देतात. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याला कळतं एवढंच, की मूठ किती फिरली आहे.

त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावावेत. मूठ बंद असताना दोन्हींवर समोरासमोर एक रेघ मारावी. मग पूर्ण फिरवून दुसरी, आणि मधल्या जागेत पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कराव्यात. पहाटे, रस्ता मोकळा असताना, लॅम रोडवर एक फेरी मारावी आणि कोणत्या खुणेवर गाडी कुरकुरते ते लक्षात ठेवावं.

बंद मुठीपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेटचं राज्य असतं, त्यालाच गॅरेजमध्ये स्लो जेट म्हणतात. इथून पावपर्यंत मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला लटकणारी निमुळती सुई पेट्रोल मोजून देते. शेवटच्या पावात मेन जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एक दुसरीत मिसळते, पण निदानाला एवढं पुरतं. चोकशिवाय थांबत नाही, सिग्नलवर बंद पडते, पण मूठ फिरवल्यावर नीट पळते, अशा गाडीचा मेन जेट बदलण्यात अर्थ नाही. तिचा स्लो जेट चोंदला आहे. उलट गावात गरीब गाईसारखी चालणारी गाडी पूर्ण मुठीला दम तोडत असेल, तर मेन जेट, कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतली पेट्रोलची पातळी किंवा टाकीची धार यांच्याकडे वळावं.

उभ्या राहिलेल्या दहा गाड्या आणल्या तर बहुतेकींचा दोष पहिल्या टप्प्यात सापडेल, कारण स्लो जेटचं छिद्र सगळ्यांत बारीक असतं. साठलेलं पेट्रोल सुकताना आधी तेच बुजवतं.

वाटी उघडल्यावर

इंजिन थंड, कॉक बंद, जागा हवेशीर आणि जवळपास देव्हाऱ्यातली समईसुद्धा नको. कार्बोरेटरच्या तळाला जी वाटी असते तिचा निचऱ्याचा स्क्रू आधी सोडावा आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवून उजेडात धरावी. तळाशी पारदर्शक, पाऱ्यासारखे हलणारे थेंब दिसले तर ते पाणी. पावसाळ्यात झाकणातून झिरपलेलं किंवा अर्ध्या रिकाम्या टाकीत दंव धरून साठलेलं. तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे, आणि ती साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही धुतला तरी महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

वाटी काढल्यावर तिच्या तळाशी कधी हिरवट, चिकट थर दिसतो, वाळलेल्या गुळाच्या पाकासारखा. त्यात बुडालेले पितळेचे जेट बेताच्या पेचकसानं सोडवावेत. पातं खाचेत घट्ट बसणारं हवं, नाहीतर मऊ पितळेची खाच सोलते आणि जेट आतच राहतो. निघालेला जेट खिडकीकडे धरून डोळा लावावा. साफ छिद्रातून उजेडाचा गोल ठिपका दिसतो. ठिपका वेडावाकडा असेल किंवा नसेलच, तर जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा आणि हवेच्या दाबानं फुंकून घ्यावा. हट्टी कचऱ्यासाठी विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार वापरावी. सुई, टाचणी, ब्रेकच्या केबलची पोलादी तार मुळीच नको. जेटचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं. एक ओरखडा पडला की तो मोठ्या मापाचा जेट झाला, आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिणार.

जेटवर आकडा कोरलेला असतो. मिकुनी आणि केहिन या दोन कंपन्यांची माप देण्याची पद्धत सारखी नाही, त्यामुळे आकडा जुळला म्हणून एकीचा जेट दुसरीला चालेलच असं नाही. पल्सर १८०, युनिकॉर्नसारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड केबलनं वर जात नाही. ती हवेच्या ओढीनं उचलली जाते आणि त्यासाठी वर रबराचा पातळ पडदा असतो. तो उजेडात ताणून पाहावा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडीचा पिकअप जातो. क्लीनरचा फवारा या रबराला लागू देऊ नये, ते फुगतं.

स्क्रू हवेचा की पेट्रोलचा?

इथे अनुभवी माणसंही चुकतात. कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू दिसतात. एक स्लाइड वर-खाली धरून आयडलिंग ठरवतो. दुसरा मिश्रणाचा. हा दुसरा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणून आत फिरवला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. तोच इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, म्हणून बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. आरएक्स १०० ला पहिला प्रकार. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर नेमका उलटा पडतो तो असा.

स्क्रू काढण्यापूर्वी तो हळूच आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहावं. जोर लावून आवळला तर टोक बोथट होतं. बसवताना पुस्तिकेतला आकडा घ्यावा. तो नसेल तर दीड फेरा बाहेर ही सुरुवात चालते. जुळवणी थंड इंजिनवर करू नये, आधी दहा मिनिटं गाडी चालवून आणावी. आयडलिंग थोडं वाढवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावं आणि इंजिन ज्या जागी सगळ्यांत सलग, चढ्या आवाजात चालतं तिथे सोडावा. मग आयडलिंग उतरवून जागेवर आणावं. स्प्लेंडरसारख्या गाडीचं ते मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतं. बुलेटचं त्याहून बरंच कमी, म्हणूनच तिचे ठोके मोजता येतात.

स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नसेल, तर स्लो जेट अजून बंद आहे किंवा हवा दुसरीकडून शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर उन्हातान्हात चिरतं. रेस सोडल्यावर इंजिन सावकाश, नाखुशीनं खाली येतं, ही त्याची खूण. चालू इंजिनवर त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, प्लग वाचवून. आवाज बदलला की चीर सापडली.

चोकबद्दलही एक गैरसमज आहे. मिकुनीच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून जादा पेट्रोलची स्वतंत्र वाट असते, आणि ती मूठ बंद असतानाच ओढ घेते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली गेलेला असताना, चोक ओढून वर भरपूर रेस देत किका मारणारा माणूस स्वतःच चोक निकामी करत असतो.

रेस अडकते तेव्हा

आतापर्यंतचे दोष गैरसोयीचे होते. हा जिवावरचा आहे. मूठ सोडल्यावर ती फटकन परत यायला हवी. रेंगाळत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नये.

केबलचं वरचं टोक मुठीतून सोडवून पाहावं. तारेचे एक-दोन धागे तुटून बाहेर आले असतील तर तेल घालण्यात वेळ न दवडता केबल बदलावी. केबल ठीक असेल तर इंजिन आयडलवर ठेवून हँडल टोकापर्यंत डावीकडे, मग उजवीकडे फिरवावं. आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते, तिची वाट चुकली आहे. बहुतेक लहान गाड्यांना मुठीच्या कडेशी २ ते ६ मिलिमीटरचा प्ले लागतो. तो नसेल तर आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. कार्बोरेटर नुकताच धुतलेला असेल आणि रेस अडकू लागली, तर स्लाइड बसवण्यात चूक आहे. तिचा तिरपा काप एअर फिल्टरकडे आणि खाच आतल्या खुंटीवर, असंच ती बसली पाहिजे.

आरएक्स १०० वाल्यांनी एक गोष्ट विसरू नये. तिच्या रेसच्या केबलची एक फांदी ऑइल पंपाकडे जाते. कार्बोरेटरची बाजू जुळवली आणि पंपाची खूण पाहिली नाही, तर इंजिनला तेल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो.

चालत्या गाडीची रेस अडकलीच तर क्लच दाबावा, इंजिन कितीही ओरडलं तरी. किल स्विच असेल तर तो, नसेल तर चावी फक्त बंद करावी, लॉककडे नेऊ नये. मग ब्रेक लावून कडेला यावं.

पेट्रोल ओव्हर होण्याकडेही असंच गंभीरपणे पाहावं. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई कचऱ्यानं उघडी राहिली की पेट्रोल थांबत नाही. पेचकसाच्या लाकडी मुठीनं वाटीवर हलकेच दोन टिचक्या मारल्या तर कधी सुई जागेवर बसते. पण रात्रभर कॉक उघडा राहिला असेल तर इंजिन ऑइलची पातळी पाहून वास घ्यावा. ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास मारणारं असेल, तर ते बदलेपर्यंत किक मारू नये.

इथेनॉल आणि पीयूसी

फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. एक भाग निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. वीस टक्क्यांच्या मिश्रणात हा आकडा साडेतेरापर्यंत उतरतो. इंजेक्शनची गाडी हा फरक सेन्सरवरून ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचा जेट जुन्याच मापानं देत राहतो, म्हणजे गाडी 'हवेवर' चालू लागते, तापते, पाव ते अर्ध्या मुठीत झटके देते. अशा वेळी मिश्रणाच्या स्क्रूला पाव फेरा पेट्रोलच्या बाजूला देऊन पाहावा. भागलं नाही तर सुईची क्लिप एक खाच खाली लावावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं आणि जुन्या रबरी रिंगा, नळ्या फुगवतं किंवा कडक करतं. कार्बोरेटर उघडलाच आहे तर किटमधल्या रिंगा नव्या घालणं शहाणपणाचं.

जुळवणी बरोबर झाली का, हे सांगणारं एक यंत्र प्रत्येक पेट्रोलपंपाशेजारी असतं, पण लोक त्याचा कागद घडी करून खिशात टाकतात. पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी. ही चाचणी आयडलिंगवर होते आणि कागदावर कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण छापून येतं. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला ४.५ टक्क्यांची, त्यानंतरच्या बीएस-४ पूर्वीच्या दुचाकीला ३.५ टक्क्यांची मर्यादा आहे. आकडा मर्यादेला टेकला असेल तर स्लो स्पीडला पेट्रोल जास्त जातंय. एमएच-१५ या नाशिकच्या क्रमांकाच्या जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं असतं, तेव्हाही हा कागद लागतोच. जुळवणीपूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन कागद शेजारी ठेवले की हाताची करामत आकड्यात दिसते.

राहिली गोष्ट पुन्हा ताडपत्री घालण्याची. महिन्याहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर निघायच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत दंव धरायला जागा राहत नाही. कॉक बंद करावा, वाटीचा निचऱ्याचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल बाटलीत काढावं, स्क्रू पुन्हा आवळावा आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला कुंभारमाशीसाठी कापडाची चिंधी बांधावी. चिंधीची आठवण राहावी म्हणून चावीला एक चिठ्ठी अडकवून ठेवावी. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात.